परिस्थितीचा उलगडा होत नसताना स्तुती : घरच्या प्रार्थनासभेत नेमकं काय घ्यावं?

सदर_चौक (धागाकर्ता)

सर्वांना ख्रिस्ती सलाम.

येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेसातला एका घरी कॉटेज, म्हणजे घरची प्रार्थनासभा, आहे. घरच्या कर्त्या माणसाच्या आजाराचे तपास चालू आहेत. दोन रिपोर्ट आले, दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत, तिसऱ्याची वाट पाहणं सुरू आहे. त्यातच कामाचं कंत्राट संपलं. वाईट आहे म्हणावं तर तसंही नक्की नाही, बरं आहे म्हणावं तर तेही नाही.

महिला मंडळाचं म्हणणं, उपकारस्तुतीची गीतं घ्या, घर हलकं होतं. वडील मंडळी म्हणतात, आधी विनवणी, स्तुती नंतर बघू. पाळकसाहेबांनी क्रम ठरवायचं काम आमच्यावर सोपवलं आहे. पाऊण तास आहे. कुठलं स्तोत्र, किती गीतं, कुठल्या जागी? आणि काय टाळायचं? अनुभव सांगत बसू नका, मुद्द्याचं सांगा.

---

खलासी_लाईन

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. क्रम पवित्र शास्त्रातच आहे, आपल्याला शोधावा लागत नाही.

स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं. १ आणि २ मध्ये दावीद चार वेळा "कोठवर" विचारतो : विसरशील कोठवर, तोंड लपवशील कोठवर, मी मनात खल करत राहू कोठवर, वैरी वरचढ राहील कोठवर. ३-४ मध्ये मागणं आहे, आणि मागण्याचं कारणही दिलेलं आहे. ५-६ मध्ये भरवसा आणि गाणं. आता लक्ष द्या : ४ आणि ५ च्या मध्ये दावीदाची परिस्थिती बदलल्याची एकही ओळ नाही. वैरी तिथेच आहे. तरी गाणं सुरू होतं. म्हणजे स्तुती उलगडा झाल्यानंतरची पावती नाही, आणि तक्रारीवर घातलेलं झाकणही नाही. ती तक्रारीच्या मागून, तिच्याच तोंडून निघते.

पाऊण तास असा वाटा :

- आल्यावर शांत बसणं, छोटी प्रार्थना : ५ मिनिटं
- एक संथ गीत : ५
- स्तोत्र १३, आळीपाळीने वाचन, पुढारी एक वचन, मंडळी एक. दोनदा वाचा : ५
- घरच्यांनी किंवा त्यांच्या वतीने कोणी जे कळत नाही ते नाव घेऊन देवापुढे मांडणं : ७
- मध्यस्थीची प्रार्थना, म्हणजे त्या घरासाठी विनवणी, तिघांनी, प्रत्येकी दोन मिनिटं : ६
- स्तुतीची दोन गीतं : ९
- छोटं वचन (संदेश), प्रभूची प्रार्थना, आशीर्वचन : ८

चौथी पायरी गाळली की सगळं बिघडतं. बहुतेक सभांत तीच गाळली जाते, कारण ती अवघड जाते. हबक्कूक तिसऱ्या अध्यायात आनंद करीन म्हणतो ते आपल्याला पाठ असतं, पण त्याआधीच्या १७ व्या वचनात तो सहा गोष्टी एकेक करून सांगतो : अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा. १६ व्या वचनात तर त्याचे ओठ थरथरतात, हाडं सडल्यासारखी होतात. ही यादी झाल्यावर १८ वं वचन येतं. तुमच्या घरची यादी अंजिराची नाही, रिपोर्टची आणि कंत्राटाची आहे. ती तशीच बोलू द्या.

---

आनंदगीत_ग्रुप

क्षमा असावी, पण हे फार रडकं वाटून राहिलं. २ इतिहास २० वाचा. यहूदाचा राजा यहोशाफाट याने गाणारे लोक सैन्याच्या पुढे उभे केले, स्तुती सुरू झाली आणि शत्रू आपसात लढून मेले. स्तुतीत सामर्थ्य आहे. घरात पाऊल टाकताच जोरदार स्तुती करा, अंधार पळतो. काऊन उगाच दुःख उकरत बसायचं?

---

खलासी_लाईन

@आनंदगीत_ग्रुप, अध्याय बरोबर काढलात, पण २१ व्या वचनापासून सुरू केलात. मागे जा. ३ : यहोशाफाट भ्याला. तिथेच सगळ्या यहूदात उपास पुकारला. ६ ते १२ : भर सभेत प्रार्थना, आणि तिचा शेवट असा की आम्हांला काय करावं ते सुचत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. १३ : बायकापोरांसकट सगळे उभे. १४ ते १७ : यहजिएलाच्या तोंडून त्या लढाईपुरतं नेमकं वचन आलं. मग १८ ला दंडवत, आणि दुसऱ्या सकाळी गाणारे पुढे. तुम्ही म्हणता ती स्तुती आहेच, पण ती सातव्या-आठव्या पायरीवर आहे.

दुसरं, त्या दिवशीचं वचन त्या दिवशीच्या लढाईसाठी होतं. "गायलं की शत्रू मरतो" असा नियम त्यातून काढता येत नाही. प्रेषितांची कृत्ये १२ बघा. दुसऱ्या वचनात हेरोद योहानाच्या भावाला, याकोबाला, तलवारीने मारतो. त्याच अध्यायात पेत्र बेड्या गळून बाहेर येतो. मंडळी एकच, प्रभू एकच. याकोबाच्या घरच्यांना कोणी म्हटलं असतं का की तुमची स्तुती कमी पडली?

---

मेकोसाबाग_वाचक

+१. फिलिप्पैच्या तुरुंगाचं उदाहरणही असंच अर्धवट वापरलं जातं. पौल आणि सीला मध्यरात्री गात होते (प्रेषितांची कृत्ये १६:२५), भूकंप झाला, दारं उघडली, इतकंच सांगतात. पण दारं उघडल्यावर ते पळाले नाहीत, म्हणजे गाणं सुटकेसाठी नव्हतं. आणि सकाळी शिपाई "जा आता" म्हणाले तेव्हा पौल अडून बसला : आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय उघड्यावर फटके मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर काढावं (१६:३७). म्हणजे रात्री स्तुती केली म्हणून सकाळी हक्क सोडला नाही.

धागाकर्त्याच्या घरापुरतं सांगायचं तर : कंत्राटाचे पैसे अडले असतील तर कामगार कार्यालयात अर्ज करायचाच. रिपोर्ट जुळत नसतील तर तीच स्लाइड आणि ब्लॉक घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचंच. सभेनंतर दोघांनी बसून कागदपत्रं लावून देणं हीसुद्धा सभाच आहे.

---

पेटीवाला_बर्डी

गीतांबद्दल लिहितो, बाकी जाणकार लिहीतच आहेत.

आधी शब्द वाचा, चाल नंतर बघा. गीतातली क्रियापदं कोणाबद्दल आहेत? "तू विश्वासू आहेस, तू जवळ आहेस" अशी असतील तर कुठल्याही घरी चालतात. "मी जिंकलो, मला आता काही उणं नाही" अशी असतील तर कंत्राट संपलेल्या माणसाच्या तोंडात ती ओळ घालू नका. तो गाणार नाही, आणि गायला तर खोटं बोलल्यासारखं त्यालाच वाटेल. उपासना संगीत या आपल्या गीतपुस्तकात दोन्ही तऱ्हेची गीतं आहेत. अनुक्रमणिकेतल्या "स्तुती" या शीर्षकावर भरवसा ठेवून पान उघडू नका, कडवी वाचून मगच ठरवा. चार कडव्यांचं गीत असेल तर दोनच घ्या.

पट्टी (पेटीवर सा कुठल्या सुराला धरायचा) : घरात बायका, पुरुष, पोरं एकत्र गातात. वरचा सा हीच सगळ्यात उंच जागा असेल तर पांढरी एक ते पांढरी दोन. चाल तार गंधारापर्यंत जात असेल तर खालची पांढरी सहा किंवा सात. मंडळातल्या बायकांच्या सोयीने काळी चारला उचललं की अंतऱ्यात पुरुष गप्प होतात आणि गीत दोघी-तिघींवर पडतं. मग ती मैफल होते.

ताल : पहिलं गीत ठेक्याशिवाय, नुसत्या पेटीवर. मध्ये सहा मात्रांचा दादरा मध्यलयीत चालतो. शेवटच्या गीताला भजनी ठेका घ्या, पण दुगुनीत, म्हणजे दुप्पट लयीत, जाऊ नका. खंजिरी आणि झांज घरीच ठेवा. आजारी माणूस आतल्या खोलीत झोपला असेल तर ढोलकही नको. टाळ्यांचा प्रश्न आला तर घरच्या माणसाकडे बघा, त्याने सुरू केल्या तर करा.

आणि राजेहो, कूलर! उन्हाळ्यात बंद करायला सांगू नका, आपल्या गावच्या उकाड्यात रोग्याचे हाल होतात. वेग कमी करा आणि वाचणाऱ्याला मधोमध बसवा, कोपऱ्यात नको. नाहीतर अर्धं स्तोत्र कूलरच्या पोटात जातं.

---

आनंदगीत_ग्रुप

पेटीवाला भाऊ, शब्द तपासायचं पटलं. पण सगळीच गीतं संथ घेतली तर माणूस आणखी खचतो ना?

---

पेटीवाला_बर्डी

सगळी नाही, पहिलंच. शेवटचं मोकळ्या गळ्यानेच म्हणायचं आहे. नीतिसूत्रे २५:२० मध्ये खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी म्हणणाऱ्याला थंडीच्या दिवशी अंगावरचं वस्त्र काढणाऱ्याच्या पंगतीत बसवलं आहे. बंदी गाण्यावर नाही, वेळ न पाहता गाण्यावर आहे.

---

नवीन_सभासद_४४०

एक बाळबोध प्रश्न. सर्व स्थितीत उपकारस्तुती करा असं १ थेस्सलनी ५:१८ मध्ये आहे. मग आजाराबद्दलही आभार मानायचे का? काही जण तशी प्रार्थना करतात, ऐकताना कसंतरी होतं.

---

खलासी_लाईन

बाळबोध नाही, मुळाचा प्रश्न आहे. योहान ११ बघा. लाजराच्या कबरेशी ३५ व्या वचनात प्रभू रडतो, ४१ व्या वचनात बापाचे उपकार मानतो. दोन्हींमध्ये जेमतेम सहा वचनं. उपकार कशाबद्दल मानले? "तू माझं ऐकलंस" याबद्दल. लाजर मेला याबद्दल नाही. मृत्यूपुढे तो रडला.

म्हणून प्रार्थना करणाऱ्याने "ह्या आजाराबद्दल धन्यवाद" म्हणू नये. ऐकणारा देव आहे, काल रात्र निघाली, शेजारी उभे राहिले, डॉक्टर भेटले, यांबद्दल म्हणावं. मोघम "सर्व आशीर्वादांबद्दल" असं म्हटलं की कोणाच्याच डोळ्यांपुढे काही येत नाही. तीन गोष्टी, नाव घेऊन.

---

वॉर्ड_नं_दिसत_नाही

दवाखान्यात जाऊन प्रार्थना करणाऱ्यांसाठी, कारण गुरुवारनंतर तुमच्या घरी ही वेळ येऊ शकते :

अतिदक्षता विभागात एकाने जावं, पाच मिनिटांच्या आत बाहेर यावं. गाणं नाही. स्तोत्र २३ (सहा वचनं) किंवा १२१ (आठ वचनं) हळू आवाजात, उशाशी. माणूस बेशुद्ध असला तरी नाव घेऊन बोला, आणि त्याच्या डोक्यावरून नातेवाइकांशी "आता काही खरं नाही" असलं बोलू नका. याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावायचं तर नर्सला विचारून, कपाळाला बोट टेकवण्यापुरतं. जखम, टाके, सलाईनची जागा यांच्या जवळ नाही. ऑक्सिजन चालू असेल तिथे मेणबत्ती अजिबात नाही, घरीसुद्धा.

सगळ्यात महत्त्वाचं : "विश्वासाने बरे झाला आहात, आता गोळ्यांची गरज नाही" हे वाक्य कोणीही उच्चारू नये. बीपीची, साखरेची, झटक्यांची औषधं अचानक बंद केली तर माणूस दोन-चार दिवसांत गंभीर होऊ शकतो. इन्शुलिनवर असलेल्याला तर तेवढाही वेळ लागत नाही. प्रार्थनेनंतर औषधाची वेळ झाली असेल तर पाणी आणून द्या.

---

सेल्सचा_सदस्य

कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे तासांच्या प्रार्थनेत, म्हणजे दिवसाच्या ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांत, शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी स्तोत्र ८८ येतं. हे एकच स्तोत्र असं की जे अंधारातच संपतं, शेवटी "तरी मी गाईन" नाही. दर आठवड्याला, परिस्थिती बरी असो की वाईट. आणि उपवासकाळात चाळीस दिवस उपासनेतून आलेलुया (म्हणजे हालेलुया) काढलेलं असतं, ते थेट पुनरुत्थानाच्या जागरणाला परत येतं. म्हणजे स्तुतीचा सगळ्यात मोठा शब्द रोखून धरणं हीही मंडळीची शिकवण आहे, त्यात अविश्वास नाही. ज्यांना "सतत हालेलुया म्हटलंच पाहिजे" असं दडपण येतं त्यांना हे सांगा.

---

सदर_चौक

मग गुरुवारी ८८ वाचावं का? आमच्यापैकी एकांनी तेच सुचवलं होतं.

---

सेल्सचा_सदस्य

आजारी माणसाच्या घरी, पहिल्याच सभेत, मोठ्याने? नको. आमच्याकडे ते चालतं कारण त्याच्या मागे-पुढे इतर दिवसांची स्तोत्रं असतात आणि माणूस ते वर्षानुवर्षं म्हणत आलेला असतो. एकटं काढून वाचलं तर रोग्याला तो निकालच वाटेल. त्याने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी.

---

खलासी_लाईन

सहमत. १३ च्या जागी दुसरं हवं असेल तर ७७. त्यात ७ ते ९ वचनांत सहा सरळ प्रश्न आहेत : प्रभू कायमचा टाकून देईल का, त्याची दया संपली का, वगैरे. एकाचंही उत्तर स्तोत्रात दिलेलं नाही. ११ पासून स्तोत्रकर्ता देवाची जुनी कृत्यं आठवायला लागतो आणि शेवटी लाल समुद्राच्या वाटेपर्यंत जातो. उत्तर मिळत नसेल तेव्हा आठवण करायची, हा स्तुतीचा सगळ्यात वापरण्याजोगा प्रकार आहे. नाहीतर ४२ आणि ४३ जोडून घ्या. "माझ्या जिवा, तू का खिन्न झालास" हे पालुपद तीनदा येतं, ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मधली वचनं एकाने वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही भाग घेता येतो.

---

मेकोसाबाग_वाचक

आपल्या गावात क्रमाबद्दल इतका घोळ होतो त्याचं एक कारण इथल्याच इतिहासात आहे. उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झाली, सहा मंडळ्या एकत्र येऊन. एका घराला छापील प्रार्थनेची सवय, दुसऱ्याला उत्स्फूर्त प्रार्थनेची. म्हणून घरच्यांना आधी विचारा : प्रार्थना वाचून करायची का मनाने? हा प्रश्न दोन दिवस आधी फोनवर विचारला तर सभेत अवघडलेपण येत नाही.

---

जुना_हिस्लॉपी

आणखी एक खोड. दुःखाचं कारण आपणच शोधून देण्याची.

नागपुरातले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या नाल्यात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये निघालं. भाषणांत हे दोन्ही एका दमात जोडतात, "म्हणून देवाने तसं होऊ दिलं." कशावरून? कॉलेजाबद्दल देवाची स्तुती करा, जरूर करा. पण वीस वर्षांनंतरची चांगली गोष्ट त्या रात्रीचं उत्तर म्हणून त्यांच्या घरच्यांच्या हातात देता येत नाही. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस आणि सात रात्री गप्प बसून जे कमावलं ते तोंड उघडून घालवलं. ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर रागावतो, आणि माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असं म्हणतो. हाच ईयोब तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देऊन बसला होता.

गुरुवारी वचन सांगणाऱ्याला एवढंच सांगा : "देवाने हे यासाठी केलं" असं वाक्य नको.

---

महिला_मंडळ_सेक्रेटरी

आमच्यावर रोख आहे म्हणून लिहिते :) उपकारस्तुतीची गीतं सोडणार नाही, पण क्रम मान्य. साक्षींचं, म्हणजे देवाने काय केलं तो अनुभव सभेत सांगण्याचं, मात्र कोणी लिहिलं नाही, आणि खरी गडबड तिथेच होते. "आमच्या ओळखीत अगदी असंच होतं, उपास केला, गाठ विरघळली" ही साक्ष ऐकून घरची बाई रात्रभर विचार करते की आपला उपास कुठे कमी पडला. म्हणून अशा सभेत साक्ष नाही. द्यायचीच तर जिचा प्रश्न अजून सुटलेला नाही अशीने द्यावी, तीन मिनिटांत.

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅप. प्रार्थनेचा विषय ग्रुपवर टाकताना आजाराचं नाव, दवाखाना, खाट नंबर, रिपोर्टचा फोटो काहीही टाकायचं नाही. "आपल्या मंडळीतील एका कुटुंबासाठी, तपासांच्या निर्णयासाठी आणि कामासाठी प्रार्थना करावी" एवढं पुरतं. घरच्यांना विचारल्याशिवाय तेही नाही. आणि सभेनंतर चहा-पोहे त्या घरी करायला लावू नका, डबे आपण न्यायचे. पंधरा माणसांचा चहा म्हणजे दीड-दोन लिटर दूध झालं, कंत्राट संपलेल्या घराला तोही भार असतो.

---

नवीन_सभासद_४४०

सभा एक दिवसाची. पुढच्या महिनाभर त्या घरच्यांनी रोज काय करावं? मन लागत नाही तेव्हा स्तुती सुचतच नाही.

---

खलासी_लाईन

सुचायची वाटच बघायची नाही. जुन्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात १५० स्तोत्रं तीस दिवसांत वाटलेली आहेत, सकाळ-संध्याकाळ. तारखेप्रमाणे वाचायचं, मनाप्रमाणे निवडायचं नाही. २ तारखेच्या संध्याकाळी १२ ते १४ येतात, म्हणजे १३ त्यात आलंच. १७ च्या सकाळी ८६ ते ८८. ३० च्या संध्याकाळी १४७ ते १५०, नुसती स्तुती. एकतीस तारीख असेल तर तीसचीच पुन्हा. फायदा असा की वाईट दिवशीही तोंडात स्तुतीचं स्तोत्र येतं आणि बऱ्या दिवशीही विलापाचं. आपण निवडायला बसलो की त्याच पाच-सहा स्तोत्रांत फिरत राहतो.

पूर्ण झेपत नसेल तर संध्याकाळचं एकच, मोठ्याने. रडू आलं तर तिथे थांबायचं, उद्या पुढची तारीख. मागचं भरून काढायचं नाही, त्यातच लोक पंधरा दिवसांत सोडून देतात. आणि ज्याला एक शब्दही निघत नाही त्याच्यासाठी रोमकरांस ८:२६ आहे : आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो. त्या दिवशी शेजाऱ्याने वाचावं, त्याने नुसतं बसावं.

---

आनंदगीत_ग्रुप

ठीक आहे, गुरुवारी शेवटची दोन गीतं आमच्या ग्रुपकडे द्या. खंजिरी आणणार नाही. शब्द आधी पेटीवाला भाऊंना पाठवतो.

---

सदर_चौक

चालेल. बुधवारपर्यंत पाठवा. एकच राहिलं : त्या घरी नऊ आणि बारा वर्षांची दोन पोरं आहेत. त्यांना सभेत बसवायचं की शेजारी पाठवायचं?

---

महिला_मंडळ_सेक्रेटरी

बसवा. शेजारी पाठवली की पोरं दाराआडून ऐकतात आणि मनाने भलतंच रचतात. पण त्यांच्या वडिलांचं काय चाललं आहे ते सभेच्या आधी आईने सांगितलेलं असू द्या, प्रार्थनेतून पहिल्यांदा कळायला नको. "बाबांच्या तपासाचं अजून नक्की कळलं नाही, डॉक्टर बघून राहिले आहेत" एवढं पुरे. बरे होतीलच असं वचन त्यांना कोणी देऊ नका. मोठ्याला स्तोत्राची एकाआड एक वचनं वाचायला द्या. लहानाला स्तोत्र १३६ ची पहिली नऊ वचनं घ्या, पुढारी अर्धं वचन म्हणेल, दयेचं पालुपद तो म्हणेल. नऊदा म्हटलं की पाठ होतं. हे मध्यस्थीच्या प्रार्थनेनंतर ठेवा, तीन मिनिटं लागतील, तेवढी शेवटच्या संदेशाच्या वेळातून कापा. पाळकसाहेबांना मी सांगते.